आधी मे, नंतर सप्टेंबर

‘एकेकाळी उजाड असलेला हा माळ आज हिरवागार झाला आहे.’

हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिलं असेल, म्हणून मध्यंतरी जुन्या फायली उघडून बसले. चौदा वेळा सापडलं. कुठे ‘उजाड’च्या जागी ‘ओसाड’, कुठे ‘बोडका’, एका ठिकाणी तर ‘भकास’. त्या दिवशी बहुतेक माझंच डोकं चढलेलं असणार. पण वाक्य तेच. चौदाही वेळा त्याचे पैसे मिळालेले आहेत, हेही इथेच सांगून टाकते.

मी माहितीपटांचं निवेदन लिहिते. पडद्यावर न दिसणारा माणूस जे बोलतो, ते. २००३ मध्ये सुरुवात केली तेव्हा संकलकाकडून व्हीएचएस कॅसेट यायची आणि चित्राच्या कोपऱ्यात टाइमकोडचे आकडे पळत असायचे. आता लिंक येते, आकडे तसेच पळतात. हिशेब साधा आहे: सेकंदाला दोन शब्द. बारा सेकंदांचं दृश्य असेल तर चोवीस शब्द, त्यातलेही चार-पाच कमीच लिहावेत, कारण निवेदकाला श्वास घ्यायचा असतो आणि बघणाऱ्याला बघायचं असतं. मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘मध्य आशियातून हजारो किलोमीटरचं अंतर कापून हिवाळ्यात इथे आलेला हा भोवत्या रात्रीच्या मुक्कामासाठी गवतात’ इथपर्यंत निवेदक पोचतो, आणि तो ‘उतरतो’ म्हणेपर्यंत पक्षी उतरून, पंख मिटून दिसेनासा झालेला असतो. म्हणून वाक्यं तोडायची. भोवत्या आला. मध्य आशियातून आला. आता मुक्कामाला उतरेल. मग तो उतरतो. हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली. शिकवलं आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका निवेदकांनी. माझं लांब वाक्य आलं की ते वाचता वाचता थांबत आणि काही न बोलता कागदाकडे बघत राहत.

पर्यावरणाचे विषय माझ्याकडे जास्त आले ते काही मी ठरवून नव्हे. २०१२-१३ चा दुष्काळ झाला. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारचं जलयुक्त शिवार अभियान आलं. त्याच वर्षी एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने भाग पडलं होतं. गावोगाव बांधबंदिस्ती सुरू झाली आणि झालेलं काम दाखवायला फिल्म लागू लागली. पूर्वी संस्था अहवाल छापायच्या, ते कुणी वाचत नसे. नऊ मिनिटांची फिल्म संचालक मंडळाच्या बैठकीत चहा येईपर्यंत बघून होते.

त्या नऊ मिनिटांचा साचा मला झोपेतही सांगता येईल. पहिल्या मिनिटात भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, डोक्यावर हंडे घेऊन लांबून येणाऱ्या बायका, मागे एकटी बासरी किंवा सारंगी. दुसऱ्या मिनिटात ग्रामसभा. तिसऱ्यापासून काम: ए-फ्रेम धरून समपातळी काढणारी पोरं, फक्कीच्या रेघा, सलग समतल चर, दगडी बांध, एखादा गॅबियन बंधारा, मग जेसीबी आणि ढोल. ‘माथा ते पायथा’ हे शब्द कुठेतरी यायलाच हवेत. सातव्या मिनिटाला पाऊस. आठव्याला भरलेले चर, तुडुंब बांध, पाण्यात उड्या मारणारी मुलं. नवव्या मिनिटाला ड्रोन वर जातो, खाली सगळं हिरवं, आणि तिथे माझं ते वाक्य.

काम खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे सांगणार आहे त्याचा अर्थ भलताच लावला जाऊ शकतो. मी त्या गावांत राहिलेली आहे. पहाटे पाचला टिकाव घेऊन निघालेली माणसं पाहिली आहेत, हाताचे फोड पाहिले आहेत. पुढच्या उन्हाळ्यात टँकर न आलेली गावंही पाहिली आहेत. खोटं काम नव्हतं, खोटा कॅमेरा होता. आणि तोही पुरता खोटा नाही. त्याने फक्त तारखा सांगितल्या नाहीत.

ही गोष्ट मला संकलकाच्या खोलीत कळली. रंगसंस्काराचं काम चालू होतं. डावीकडच्या पडद्यावर ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. ‘आधी’च्या दृश्यांतला रंग उतरवून त्यांवर पिवळट झाक चढवली जात होती, ‘नंतर’मधला हिरवा एकेक घर वर सरकत होता. मला निवेदनात महिना टाकायचा होता म्हणून मी मूळ फायलींच्या तारखा विचारल्या. ‘आधी’चं चित्रण मे महिन्यातलं. ‘नंतर’चं सप्टेंबरचं. मी म्हटलं, अरे, मग हा माळ चर न खणताही हिरवाच दिसला असता की! संकलक खुर्चीतच मागे वळला आणि म्हणाला, ‘मॅडम, सप्टेंबरात आमच्या सोसायटीची गच्चीपण हिरवी असते.’ दोघंही हसलो. वाक्य मात्र तसंच गेलं. महिना मीच काढून टाकला.

भेगांचंही तसंच. भेगाळलेली जमीन दाखवली की दुष्काळ, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की त्याखाली निवेदन लिहावंच लागत नाही. पण काळ्या जमिनीला दर उन्हाळ्यात भेगा पडतात. उत्तम पावसाच्या वर्षानंतरही पडतात. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. भेगांतून वरची माती खाली जाते, हवा आत जाते. रान तापलं पाहिजे असं शेतकरी म्हणतो, त्यात तक्रार नसते. आणि कॅमेऱ्याला आवडणारा तो चौकोनी चौकोनी भेगांचा नक्षीदार तुकडा तर बहुतेक वेळा शेतातला नसतोच. तो धरणाच्या किंवा तलावाच्या उघड्या पडलेल्या तळाचा गाळ असतो. उजनीचं पाणी ओसरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं आणि पाठोपाठ कॅमेरेही येतात. धरणकाठच्या अशा उघड्या गाळात लोक गाळपेर करतात, पीक काढतात. ते पीक मी आजवर एकाही दुष्काळाच्या फिल्ममध्ये पाहिलेलं नाही. एकदा एका दिग्दर्शकाने तसा तुकडा सापडेना म्हणून तासभर गाडी फिरवली होती. गाडीत आम्ही चौघं, बाहेर मोसंबीच्या बागा, आणि तो चालकाला विचारतोय, ‘जरा बरा दुष्काळ कुठे मिळेल?’

२०२१ च्या हिवाळ्यात एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. लांडग्यावर फिल्म करतोय, म्हणाला, तुम्ही लिहाल का? मी विचारलं, कुठल्या जंगलात? तो म्हणाला, ‘जंगलात नाही. माळावर. आणि मॅडम, प्लीज, एकदा येऊन राहा. फायली बघून लिहू नका.’ हा टोमणा होता की विनंती, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तो भाग पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचा. बारामती, इंदापूर, दौंडच्या बाजूचा. सह्याद्री ओलांडून येताना पावसाने हात आखडता घेतलेला. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्यासाठी राखलेलं. अलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, म्हणून थोडी माणसं येतात. तेव्हा कुणी येत नसे. पहाटे साडेपाचला गाडीत बसून राहायचं, काचा खाली, इंजिन बंद, बोलणं बंद. पहिल्या दोन दिवसांत मला काही म्हणजे काहीही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जे ‘काही नाही’ बघत होते त्याच्यातूनच एक लांडगा उठून चालायला लागला. तो तिथे बसलेलाच होता. गवताच्या रंगाचा.

तेव्हापासून पुढचे चार दिवस नजर तयार होत गेली. खोकड दिसलं, पखुर्ड्यांचा थवा दिसला, चंडोल दिसला म्हणण्यापेक्षा ऐकू आला. वर जाऊन गात राहतो आणि दगडासारखा खाली येतो. दिग्दर्शक मला नावं सांगायचा, मी वहीत लिहायची. गवतांचीसुद्धा: पवना, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी. कुसळी सोडली तर एकाही गवताचं नाव मला ठाऊक नव्हतं. कुसळी ठाऊक होती ती सलवारीला चिकटते म्हणून. ज्या जमिनीवर चौदा फिल्म लिहिल्या त्या जमिनीवर काय उगवतं, हे मी अठरा वर्षांत विचारलेलं नव्हतं.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो प्रसंग मे महिन्यातला. दिग्दर्शकाला माळ कोरडा असतानाचं चित्रण हवं होतं, म्हणून आम्ही पुन्हा गेलो. तिथे एक म्हातारे धनगर होते. त्यांची दोन्ही मुलं दिवाळीनंतर मेंढ्यांचा वाडा घेऊन कोकणाकडे उतरत आणि पावसाच्या तोंडावर परतत. म्हाताऱ्यांचे गुडघे गेल्यापासून ते चाळीसेक मेंढ्या घेऊन इथेच असत. सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही. दुपारी बाभळीखाली आम्ही बसलो होतो. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या. मी सवयीने मोबाइलमध्ये कच्चं निवेदन बोलून ठेवत होते: ‘मे महिन्यात हा माळ उजाड, पडीक...’

‘पडीक म्हंजी काय वो ताई?’ तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे असं, काही न पिकणारं, पडून असलेलं.

‘मग ही काय वारा खात्यात व्हय?’ त्यांनी मेंढ्यांकडे काठी केली.

मग ते उठले, दोन पावलं गेले आणि वाळलेल्या गवताचा एक ठोंब मुळापाशी धरून काठीच्या टोकाने उकरला. बाहेरून तो झाडूच्या बुंध्यासारखा दिसत होता. पिवळट, करकरीत. तात्यांनी अंगठ्याच्या नखाने त्याची बाहेरची सालं सोलली, एकावर एक चार-पाच, कांद्याची सोलतात तशी, आणि आतला गाभा माझ्यासमोर धरला. पांढरा होता, आणि पांढऱ्यात हिरवट. मी बोट लावलं तर ओलसर.

‘जित्तं हाय,’ म्हणाले. ‘निजलंय नुस्तं.’ आणि तो ठोंब त्यांनी पुन्हा खड्ड्यात ठेवून वहाणेने माती दाबली.

हे दृश्य कॅमेऱ्यात नाही. कॅमेरामन त्या वेळी गाडीत बॅटऱ्या बदलत होता. तात्यांना पुन्हा एकदा करायला सांगू का, असं दिग्दर्शकाने विचारलं, मीच नको म्हटलं. आजही वाटतं, सांगायला हवं होतं.

संध्याकाळी तात्यांनी मेंढ्यांभोवती वाघर लावली. दोऱ्यांची जाळी, तिला काठ्यांचे टेकू. एवढ्याशा जाळीने लांडगा कसा थांबेल, म्हणून मी विचारलं. थांबतो कधी, कधी नाही थांबत, असं उत्तर आलं. ‘वर्साला चार-दोन नेतंय. त्येला बी प्वाट हाय.’ हे ऐकून आमचा दिग्दर्शक सद्गदित झाला. मला मात्र तात्यांच्या सुनेचा चेहरा दिसत होता. तिला ते ‘चार-दोन’ तितकं सोपं वाटत नव्हतं. फिल्ममध्ये तात्यांचं वाक्य आहे, सुनेचा चेहरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमावरून चालताना ध्वनिमुद्रण करणारा मुलगा ओरडला आणि आम्ही सगळे आहे तिथे थबकलो. त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, उघड्या खडीवर चार ठिपकेदार अंडी, खडीच्याच रंगाची. माळटिटवीची. ती बाजूला कर्कश ओरडत पळत होती. माळटिटवी आणि धाविक ऐन उन्हाळ्यात, अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आणि जलसंधारणाची कामं कधी होतात? एप्रिल-मे मध्ये. पावसाआधी चर खणायचे असतात, शेतं मोकळी असतात, माणसं मोकळी असतात. दुसरा महिनाच नाही. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात माझ्या फिल्ममधले जेसीबी मोजत होते.

‘पडीक’ हा शब्द माझा नव्हे, हे खरं. तो जुना आहे. इंग्रजांच्या महसूल खात्याला ज्या जमिनीवर सारा बसत नव्हता ती जमीन वाया गेलेली वाटली. सातबाऱ्यावर आजही लागवडीला नालायक क्षेत्राला ‘पोटखराब’ म्हणतात. काय शब्द आहे! जमिनीचं पोट बिघडलंय जणू. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला, त्यात खुरट्या झुडपांची रानं आणि चराऊ कुरणंही आली. एकदा नकाशावर पडीक ठरलं की तिथे काहीतरी करणं हे पुण्यकर्म होतं. मग सौरपट्ट्या येतात, कारखाने येतात, झाडं येतात. झाडांना तर कुणी नाहीच म्हणू शकत नाही. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट होतं. एवढी झाडं लावायला मोकळी जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटलं की डोळ्यांसमोर माळच येतो. माळढोकाचं उदाहरण सगळ्यांनाच माहीत आहे. सोलापूर-नगरच्या बाजूला १९७९ मध्ये त्याच्यासाठी केलेलं अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, पुढे ते बाराशेच्या आसपास आलं. पक्षी सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. त्या अभयारण्यातल्या नान्नजला आता त्याचं दर्शन झालं की बातमी होते.

कास पठाराला मात्र कुणी पडीक म्हणत नाही. मे महिन्यात जाऊन बघा, काळा कातळ असतो, सावलीला झाड सापडत नाही. पण ते सप्टेंबरात फुलतं, २०१२ पासून जागतिक वारशात आहे, म्हणून त्याचा मे महिना आपण माफ केला. रत्नागिरीचे सडे तसेच, कातळशिल्पं सापडेपर्यंत ते ‘ओसाड’च होते. इंदापूरच्या माळाला ना फुलं, ना शिल्पं. तो नुसता गवताचा.

शब्दांनी एवढं होतं का, असं कुणी विचारलं की मी गुजरातच्या देवमाशासारख्या दिसणाऱ्या त्या अजस्र शार्कचं सांगते. इंग्रजीत त्याला व्हेल शार्क म्हणतात. माइक पांडे यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होणाऱ्या त्याच्या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ ही फिल्म केली. ती २००० साली गाजली आणि २००१ मध्ये सरकारने त्या माशाला वाघाइतकं संरक्षण दिलं. फिल्ममुळे कायदा बदलल्याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. कोळी त्या माशाला ‘बॅरल’ म्हणायचे, कारण शिकार करताना त्याला पिंपं बांधत. २००४ पासून रामकथाकार मोरारीबापूंना सोबत घेऊन एक मोहीम झाली, तिच्यात त्याला नाव दिलं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. पिंपाची लेक झाल्यावर जाळी कापून मासे सोडणारे कोळी पुढे आले. कायद्याने हे झालं असतं का, ठाऊक नाही. पण शब्द बदलल्यावर झालं, हे खरं.

तर लांडग्याच्या फिल्मचं निवेदन लिहायला बसले आणि अडकले. ‘उजाड’ नको. ‘ओसाड’ नको. ‘रुक्ष’ नको. ‘गवताळ परिसंस्था’ हा बरोबर शब्द आहे, पण तो तात्यांसमोर उच्चारायची माझी हिंमत नव्हती. मराठीत शोधायला गेलं तर शब्द खूप निघाले: माळ, माळरान, बरड, कुरण, गायरान, पठार, सडा. देशावर ‘रान’ म्हणजे शेतही आणि जंगलही. ‘मालक रानात गेल्यात’ म्हणजे शेतावर गेलेत. आपल्या भाषेने पिकाची जमीन आणि न पिकणारी जमीन यांत भिंत घातलेलीच नव्हती, ती महसुलाने घातली. आणि आयुर्वेदात तर ‘जांगल’ देश म्हणजे कमी पाण्याचा, कमी झाडांचा, मोकळा, कोरडा प्रदेश, आणि तो निरोगी मानलेला. दाट, ओलसर तो ‘आनूप’. ‘जंगल’ शब्द या जांगलावरून आला. म्हणजे माळाला जंगल म्हणणं चूक नव्हतं. आपणच मधल्या काळात शब्दाचा अर्थ फिरवला. हे सगळं मी उत्साहाने दिग्दर्शकाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, छान आहे मॅडम, पण त्या दृश्याला आपल्याकडे नऊ सेकंद आहेत.

शेवटी निवेदनात मी लिहिलं: ‘मे महिना. माळ निजला आहे.’ पाच शब्द. बाकी सेकंद वाऱ्याला सोडले. ती कल्पना तात्यांची, पैसे मला मिळाले.

मे महिन्यातल्या त्या चित्रणाहून परतताना मी आणखी एक गोष्ट केली होती. माझ्या त्या चौदा फिल्ममधलं एक गाव तिथून तासाभराच्या अंतरावर होतं. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं भली आहेत. टेकडीवर गेले. चर निम्मे बुजलेले होते, कडांवर गिरिपुष्पाच्या रांगा वर्गात उभ्या केलेल्या मुलांसारख्या सरळ. बरीच रोपं मेलेली, खड्डे उरलेले. खाली ओढ्यालगतच्या विहिरींना मात्र पाणी होतं, मे महिन्यात, आणि ज्यांनी मला तेव्हा जेवू घातलं होतं त्या बाईंनी ते हात धरून नेऊन दाखवलं. माझ्या वाक्यातला कुठला शब्द खोटा आणि कुठला खरा, हे त्या विहिरीच्या काठावर उभं राहून सांगता येईना. पाणी खरं होतं. ‘उजाड’ खोटं होतं. उताराच्या खालच्या अंगाला, ओढ्यात, बांध घातले असते आणि माथ्यावरचं गवत तसंच राखलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर जलतज्ज्ञ देतील. मी एवढंच म्हणू शकते की तेव्हा हा प्रश्न विचारायला फिल्ममध्ये जागा होती आणि ती मी विशेषणांनी भरली.

लांडग्याची फिल्म पुण्यात दाखवली, टाळ्या मिळाल्या. मग आम्ही ती तात्यांच्या गावात दाखवायला नेली. शाळेच्या भिंतीवर चादर, तिला खालून विटा बांधलेल्या. अंधार पडेपर्यंत मुलांनी प्रोजेक्टरसमोर हातांची हरणं करून घेतली. फिल्म सुरू झाली. लांडगा आला तेव्हा पोरं गप्प झाली, पण हशा आणि कल्लोळ झाला तो कुणाची तरी मेंढी ओळखू आल्यावर. ‘ती बघ, कानतुटकी!’ तात्या पहिल्या रांगेत होते. ‘माळ निजला आहे’ ऐकून त्यांनी मान हलवली की डास हाकलला, ते मागून कळलं नाही.

संपल्यावर दिग्दर्शकाने विचारलं, कशी वाटली? मागून एक बाई उठल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, ‘ताई, फिल्म चांगली हाय. पर ह्यात पाण्याचं कायच न्हाई.’

खरंच नव्हतं. बावन्न मिनिटांत आम्ही लांडगा, खोकड, माळटिटवी, भोवत्या आणि पाच प्रकारची गवतं दाखवली होती. मार्चपासून त्या गावाला टँकर येतो, हे आम्ही रोज सकाळी बघत होतो. टँकर दृश्यात येऊ नये म्हणून कॅमेरा दोनदा हलवलासुद्धा होता. माझ्या जुन्या फिल्ममध्ये सगळं पाणीच पाणी होतं आणि माळ नव्हता. नवीन फिल्ममध्ये माळ होता, पाणी नव्हतं. त्या बाईंना उत्तर मी दिलं नाही, दिग्दर्शकाने काहीतरी दिलं.

पुढे फिल्मच्या प्रसारासाठी सव्वा मिनिटाचं रील करायचं ठरलं. ते काम दुसऱ्याच एका मुलाकडे होतं. पहिल्या तीन सेकंदांत नजर धरून ठेवायची असते, असं त्याने मला समजावलं. रील आलं तेव्हा मी मोबाइलवर पाहिलं. पहिल्या तीन सेकंदांत भेगाळलेली जमीन होती. आमच्या चित्रणात ती नव्हतीच. त्याने विकत घेतली होती.

गेल्या महिन्यात एका संस्थेचा फोन आला. सहा गावांत काम झालंय, नऊ मिनिटांची फिल्म हवी, ‘आधी’चं चित्रण तयार आहे, ‘नंतर’चं आत्ताच करून घेतो, सगळं मस्त हिरवं आहे. मी विचारलं, ‘आधी’चं कधीचं? मे, ते म्हणाले. मी म्हटलं, मग ‘नंतर’चंही मे महिन्यातच करू या. विहिरीही दाखवू, माथाही दाखवू. आठ महिने थांबावं लागेल. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते ‘विचारून कळवतो’ म्हणाले. अजून फोन आलेला नाही.